हळू बोलणारा देशमुख

येरमाळ्याच्या पुढं ओढ्याला पाणी आलं आणि कळंबची एसटी अलीकडेच थांबली. पुलावरून गढूळ लोट चालले होते. ड्रायव्हरनं इंजिन बंद करून खिशातली तंबाखूची डबी काढली, तेव्हा सगळ्यांनीच ओळखलं की आता लवकर काही हलायचं नाही.

अलिजाच्या मात्र हे गावीच नव्हतं. खिडकीला टेकून ती मांडीवरचे कागद वाचत होती. वाचता वाचता पुटपुटत होती. मघापर्यंत तिचं पुटपुटणं इंजिनाच्या आवाजात बुडून जात होतं... आता गाडी गप्प झाली आणि तिचा आवाज तेवढा वर राहिला.

"धरा तिला. हात बांधा. गढीच्या दारात उलटी टांगा."

पुढच्या सीटवरच्या माणसानं मान वळवली. मांडीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मोठी पेटी सांभाळत बसलेला, सावळासा, शर्टाची एक बाही पावसानं भिजलेली.

"कुणाला टांगायचंय?" त्यानं अगदी काळजीनं विचारलं.

अलिजाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "नाटक आहे," ती म्हणाली. "एकांकिका. कॉलेजच्या मुलांसाठी लिहिलीय."

"मग बरं. मला वाटलं, आता आपण पाण्यातनं चालत गेलेलंच बरं."

तिला हसू आलं, पण ते तिनं कागदाआड लपवलं. तो मात्र वळलेलाच राहिला. "उलटं टांगणारा कोण?"

"देशमुख. निजामाच्या काळातला. गावातल्या बायकांकडनं गढीवरचं दळण फुकट दळून घेतो. त्यातली एक बाई जात्यावर त्याच्याच नावाची ओवी रचते. त्याला कळतं, मग तो—"

"हसतो?"

"म्हणजे?"

"गडगडाटी. छाती हलवून."

अलिजानं एकदा कागदाकडं पाहिलं. कंसात तिनं तेच लिहिलेलं होतं. "हसतो," ती म्हणाली.

"आणि मिशा?"

"आहेत."

"वाटलंच मला."

आता तिला राग आला. कळंबच्या एका कॉलेजात ती मराठी शिकवायची आणि आपल्या लिखाणाविषयी एसटीत कुणी अनोळखी माणसानं 'वाटलंच' म्हणावं, हे तिला रुचण्यासारखं नव्हतं. "काय वाटलं तुम्हाला?"

"रागावू नका. गाण्यांत, गोष्टींत, नाटकांत जुलमी माणूस असाच असतो की. लांबनं ओळखू येतो. खरंच तसं असतं, तर लोक लांबूनच पळाले नसते का?" तो जरा थांबला. "तुम्ही कधी कुणाला भ्यालात? खरंखरं?"

पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला होता. अलिजा खिडकीबाहेर पाहत राहिली. तिला एम.ए.चे एक सर आठवले. कधी आवाज चढवला नाही त्यांनी. 'बेटा' म्हणायचे. तिचा निबंध न वाचताच बाजूला ठेवून म्हणाले होते, "छान आहे. पण तुला काय करायचंय एवढं, उद्या लग्न होईल." सगळा वर्ग हसला होता... ती पण हसली होती. पुढं वर्षभर तिनं वर्गात तोंड उघडलं नाही.

"गोड बोलायचे ते," तिच्या तोंडून निघून गेलं.

"मग त्यांना घाला की नाटकात."

त्याचं नाव समद. कळंबच्या बसस्टँडसमोर त्याचं आणि त्याच्या थोरल्या भावाचं मेडिकलचं दुकान होतं. प्लास्टिकमधली पेटी म्हणजे हार्मोनियम. भाता बदलायला धाराशिवला दिली होती, ती घेऊन निघाला होता. दुकान भाऊ बघायचा तेव्हा हा गाण्याला चाली लावायचा, हौशी नाटकं बसवायचा. पाणी उतरून गाडी हलली तोवर अलिजानं देशमुखाच्या मिशा खोडल्या होत्या, आणि कळंबात उतरताना त्यानं विचारलं, "या नाटकाला पेटी लागेल का?"

"बघू," ती म्हणाली.

बघायचं काही राहिलं नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

पुढचे दिवस झरझर गेले. कॉलेज सुटल्यावर हॉलमध्ये तालीम. देशमुखाचं काम रामकिसनकडं होतं. उंच, आडव्या बांध्याचा मुलगा, बोलायला भारी लाजाळू. दळणारी बाई झाली होती वर्षाराणी. बापाची मेंढरं होती, गाव आडबाजूला, रोज एसटीनं ये-जा करायची. तिचा आवाज जाड होता, मातीच्या घागरीत बोलल्यासारखा, आणि अलिजाला तो फार आवडायचा.

समद पेटीवर बसून ओवीची चाल बांधायचा. चाल बांधताना डोळे मिटून घ्यायचा, आणि डोळे उघडले की पहिल्यांदा अलिजाकडं बघायचा—आवडली का? तिनं नुसती भुवई उचलली तरी तो पुन्हा डोळे मिटायचा. त्या भुवई उचलण्याची तिला हळूहळू चटकच लागली. चाल चांगली असली तरी ती उगीच एकदा उचलायची.

अधूनमधून ती मेडिकलवर जायला लागली. डोकं दुखतंय म्हणून गोळ्या आणायची, घसा बसलाय म्हणून चघळायच्या वड्या आणायची. काउंटरच्या अलीकडं ती, पलीकडं तो, आणि मध्ये देशमुख.

"त्यानं तिला शिक्षा करायचीच नाही," समद म्हणायचा. "नुसतं बोलवायचं. बसायला सांगायचं. आणि म्हणायचं, 'तू गातेस म्हणं. गा की. मला पण ऐकू दे.'"

अलिजाच्या अंगावर काटा आला. "आणि तिला गाता येत नाही."

"कसं येईल? ओवी त्याच्यापासनं लपून गायची असते. त्यानं परवानगी दिली की मेली."

"हे लिहू मी?"

"तुमचंच आहे."

"तुमचं आहे."

"बरं, अर्धं-अर्धं," तो म्हणाला आणि वड्यांचं पाकीट पुढं सरकवलं. पाकिटावरची बोटं त्यानं जरा उशिरा काढली... तिनंही पाकीट जरा उशिरा उचललं.

घरी तिची अम्मी, जमिलाबी, कपाटात गोळ्यांची आणि वड्यांची पाकिटं रचून ठेवताना म्हणाली, "रोज रोज कौनसी दवा लाती गे तू? बीमारी तो दिखती नै."

अलिजाच्या हातून कपाट जोरात लावलं गेलं.

मग तो बुधवार आला. मुलं ओवी म्हणत होती:

दळण गढीचं गं, मनगट भरून आलं
जात्याच्या तोंडामंदी माझं नाव पीठ झालं

'माझं नाव' ला चाल एकदम वर चढत होती. तिथं वर्षाराणीचा आवाज फाटला. पुन्हा म्हटलं, पुन्हा फाटला. समदनं पेटीवरचा हात काढला. तो रागावला नाही. हसला.

"वर्षाराणी," तो मऊ आवाजात म्हणाला, "घरी मेंढरं किती आहेत?"

"हायती बरीच, सर."

"त्यांना हाका मारून मारून आवाज तसलाच झालाय बघ. तू बस. दळायचं काम तेवढं कर, तोंड नुसतं हलव. गायचं बघू आपण दुसऱ्या कुणाचं."

सगळा हॉल हसला. वर्षाराणी पण हसली.

ते हसणं अलिजाच्या ओळखीचं होतं.

तालीम संपल्यावर तिनं त्याला गाठलं. "पट्टी खाली घेतली तर येईल तिला. चाल तुम्ही फार वर नेलीय."

"चाल वरच पाहिजे तिथं. नाही तर जीव राहत नाही."

"पण तुम्ही तिला जे बोललात—"

"अहो, गंमत होती ती. पोरं लक्षात पण ठेवत नाहीत." तो पुन्हा तसंच हसला. "मॅडम, शब्द तुमचे. गाण्याचं माझ्यावर सोडा."

किती गोड म्हणाला तो. अलिजाला पुढं बोलताच आलं नाही. घरी येऊन जेवली, वह्या तपासल्या, आणि तिला कळलं की आपण या माणसावर प्रेम करतोय, आणि आज त्याला भ्यालो. दोन्ही एकदमच कळलं, आणि त्यातलं एकही खोटं म्हणून बाजूला सारता येईना.

मग तिनं तिला जे येत होतं तेच केलं. लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं रामकिसनच्या हातात देशमुखाचं नवं भाषण दिलं. "हळू म्हण," एवढंच सांगितलं. "आवाज चढवू नकोस. मायेनं म्हण."

रामकिसननं कागदावरनं म्हणायला सुरुवात केली. "बस, बाई. तू गातेस म्हणं. गा की, मला पण ऐकू दे." वर्षाराणी जात्यापाशी बसली होती. देशमुख पुढं म्हणाला, "फाटला का आवाज? घरी मेंढरं किती आहेत गं? त्यांना हाका मारून मारून आवाज तसलाच झालाय बघ. तू दळायचं काम तेवढं कर. तोंड नुसतं हलव."

रामकिसनला वाचून झाल्यावर समजलं, आपण काय वाचलं ते. त्यानं कागद खाली केला. हॉलमध्ये पंख्याची घरघर तेवढी चालू होती. मुलं आधी समदकडं बघत होती, मग हळूहळू एकेक जण वर्षाराणीकडं बघायला लागला.

समदचा चेहरा उतरला. त्यानं अलिजाकडं एकदा पाहिलं, यावेळी विचारायला नाही. भाता दाबून बंद केला, खिटी लावली आणि पेटी उचलून निघून गेला.

अलिजाला वाटलं होतं, तिला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

मुलं पांगली. वर्षाराणी दारापाशी घुटमळत राहिली. "मॅडम, एक बोलू का? रागावणार न्हाय ना?"

"बोल की."

"तुमी माझ्यासाठी लिव्हलं, मला कळतंय. पर मला इचारलं न्हाय." ओढणीचं टोक ती बोटाला गुंडाळत होती. "काल सगळे एकदा हसले. मी इसरायला लागले व्हते. आज पुन्यांदा सगळे माझ्याकडंच बघायलेत."

सत्ता म्हणजे गढी, सत्ता म्हणजे देशमुख, सत्ता म्हणजे पेटीवर बसलेला माणूस—एवढं सगळं अलिजानं लिहून काढलं होतं. आपल्या हातातली लेखणी तिला या यादीत कुठंच दिसली नव्हती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "ते काढून टाकते मी. आणि तुझी माफी मागते."

"माफी कशाला, मॅडम." वर्षाराणी म्हणाली, "मेंढराचं तेवढं काढा. बाकीचं ऱ्हाऊ द्या. बाकीचं झकास हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी अलिजा मेडिकलवर गेली. भाऊ जेवायला गेला होता. समद खोकी उघडून औषधं फळीवर लावत होता. तिला बघून त्यानं विचारलं, "काय पाहिजे?" कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

"काही नको. सांगायला आले. मी चुकले."

"तुम्ही लिहिलं ते खोटं नव्हतं."

"नव्हतं. पण सगळ्यांसमोर तुमचेच शब्द मी दुसऱ्याच्या तोंडातनं तुमच्यावर फेकले. आणि तिला पुन्हा तिथंच बसवलं."

समद खोक्यावरची चिकटपट्टी नखानं खरवडत राहिला. "तुम्ही मला आधी सांगायचं होतं."

"सांगितलं होतं."

"एकदाच."

"आणि तुम्ही हसलात. मी भ्याले."

एक म्हातारे गृहस्थ बीपीच्या गोळ्या घेऊन गेले. ते गेल्यावर तो म्हणाला, "माझे उस्ताद असंच बोलायचे. हसत हसत. एकदा म्हणाले, 'समद, तेरे गले में अल्लाने घोडा बांध्या है.' सगळे शागीर्द हसले. त्यानंतर मी गायलोच नाही कधी. पेटीवर आलो. मला वाटायचं, पेटी माझी आवड आहे." तो थांबला. "काल रात्रभर झोप नाही. मी तुम्हाला एवढं शिकवत होतो, देशमुख कसा हळू बोलतो ते. मला एवढं बारीक कसं ठाऊक आहे, हे मनात आलंच नाही कधी."

अलिजानं काउंटरवर हात ठेवला. त्यानं तो पाहिला, धरला मात्र नाही.

"तालमीला या," ती म्हणाली.

"मुलं काय म्हणतील?"

"काही पण म्हणतील. या."

तो आला. पेटी खांद्यावर, मान खाली. नेहमीच्या जागी, स्टेजच्या कडेला उंचावर बसला नाही. खाली जात्यापाशी येऊन मांडी घातली. मुलं कुजबुजायची थांबली.

"वर्षाराणी, त्या दिवशी मी वाईट बोललो," तो म्हणाला. "तुझा आवाज नाही, माझी पट्टी चुकली होती. तू घरी म्हणतेस तशी म्हण. मी शोधतो तुला."

जातं फिरवल्यासारखा हात फिरवत तिनं ओवी सुरू केली, खाली, अगदी खाली, तिच्या जाड आवाजात. समदची बोटं पेटीवर चाचपडत राहिली, एक पट्टी सोडून दुसरी, दुसरी सोडून तिसरी... आणि काळी दोनवर ती त्याला सापडली. 'माझं नाव' आलं, तेव्हा चाल वर गेलीच नाही. उलट खाली उतरली, जमिनीत शिरल्यासारखी. रामकिसनच्या तोंडून नकळत 'अरे' निघालं.

समदनं डोळे उघडले. यावेळी त्यानं आधी वर्षाराणीकडं पाहिलं. "चालेल?"

"एवढं शेवटचं जरा लांबवू का, सर?"

"लांबव की."

मग त्याची नजर अलिजाकडं वळली. तिनं भुवई उचलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ती छताकडं बघत होती.

धाराशिवच्या स्पर्धेत त्यांच्या एकांकिकेला उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षकांपैकी एक जण म्हणाले, संगीत चांगलं आहे, पण खलनायक कमी पडला. थोडा जोर हवा होता. रामकिसन हिरमुसला. पण मग हॉलबाहेर चहा घेताना तीन वेगवेगळ्या कॉलेजच्या मुली त्याच्याजवळ आल्या आणि तिघी जवळजवळ एकच वाक्य बोलल्या: हा देशमुख आमच्या ओळखीचा आहे. तिसरी तर त्याच्यापासून दोन हात लांबच उभी राहून बोलली. रामकिसनला यावर खूश व्हावं की काय ते कळेना. वर्षाराणीला मात्र कळत होतं. तिच्याभोवती ओवी मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यायला एवढी गर्दी होती की तिचा चहा निवून गेला.

स्पर्धेनंतरच्या रविवारी समद आणि अलिजा मांजरेच्या पुलापाशी भेटले. भेटायला आता नाटक नव्हतं, घसाही ठणठणीत होता. थंडी पडायला लागलेली. कडेला एक बाई हरभऱ्याचे डहाळे विकत होती. समदनं जुडी घेतली आणि दोघं कठड्याला टेकून घाटे सोलत राहिले. खालून पाणी संथ चाललं होतं. काही टरफलं पाण्यात पडत होती, काही कठड्यावर.

"एक विचारू?" समद म्हणाला.

"विचारा."

"मी परत तसं बोललो तर?"

"बोलालच."

"व्हय. सवय एवढ्यात जायची नाही. मग काय करणार तुम्ही?"

अलिजानं एक घाटा सोलला, आतला हिरवा दाणा त्याच्या तळहातावर ठेवला. "लिहिणार नाही. तिथंच सांगणार. सगळ्यांसमोर नाही—तुम्हाला."

"आणि मी हसलो तर?"

"तर मग लिहिणार."

तो हसला. मग आपण हसलो हे लक्षात येऊन गप्प झाला, आणि त्याचा तो चेहरा बघून अलिजाच एवढी हसायला लागली की डहाळे विकणारी बाई वळून बघायला लागली.

"आणि माझं काय?" हसू ओसरल्यावर ती म्हणाली. "मी कुणाला न विचारता लिहिलं तर?"

"मी वाचणार. आणि भुवई उचलणार."

एसटीतल्या त्या दिवसापासून ते एकमेकांशी मराठीतच बोलत आले होते. तीच सवय पडली होती. शब्द नीट लावून, 'तुम्ही' म्हणून. आता समद घसा खाकरून म्हणाला, अगदी घरातल्या बोलीत, कठड्यावरच्या टरफलांकडं बघत—

"अलिजा... मेरेकू तुमारे साथ रैना है. उमर भर."

वाऱ्यानं तिची ओढणी उडाली. ती सावरायला तिनं मुद्दाम वेळ लावला. सावळ्या चेहऱ्यावर त्याचे कान लालसर झाले होते. तिच्या मनात आलं, या माणसाला आपण एकदा भ्यालो होतो, आणि हे त्याला ठाऊक आहे, आणि तरी तो इथं उभा आहे. तिनं त्याचा हात धरला. दाण्यानिशी.

"हौ," ती म्हणाली.

"हौ म्हणजे?"

"हौ म्हणजे हौ. पण मला सांगून भागणार नाही. घरी येऊन अब्बांना विचारा." ती जरा थांबली, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "आणि तिथं जरा मोठ्यानं बोला. त्यांना कमी ऐकू येतं."